टेस्ला मध्यमवर्गाची गाडी? मला हे अजिबात पटत नाही

चाकणकर (धागाकर्ता):
परवा एका ग्रुपवर वाचलं: 'पेट्रोल वाचतं, रोड टॅक्स लागत नाही, त्यामुळे आयटीतल्या नवरा-बायकोला आता टेस्लासुद्धा आरामात परवडते.' डोकंच फिरलं. तिथे दोन ओळींत भागेना म्हणून इथे लिहितोय.

जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला टेस्लाचं शोरूम उघडलं तेव्हा मॉडेल वाय ५९.८९ लाखांपासून पुढे होती. १० लाख खिशातून भरा, ५० लाख कर्ज काढा. ९ टक्के, ७ वर्षं. हप्ता ८० हजारांच्या वर. आता वाचणारं पेट्रोल बघा. महिन्याला हजार किलोमीटर आणि १५चं अ‍ॅव्हरेज धरलं तर सात हजारांच्या आसपास. वीज फुकट मिळाली तरी त्याहून जास्त वाचणार नाही. इन्शुरन्स आणि टायर मी धरलेच नाहीत. गाडी चीनमधून बनून येते, ग्राहक सीमाशुल्कच भरत बसतो.

मुलुंडवासी:
मध्यमवर्ग कोण हे तुम्ही कोण ठरवणार? माझ्याकडे ५० लाखांच्या वरची जर्मन इलेक्ट्रिक आहे. दोघं नोकरी करतो, एकही हप्ता चुकलेला नाही. आणि तुलना १५च्या अ‍ॅव्हरेजवाल्या साध्या गाडीशी कशाला? त्याच तोलाच्या पेट्रोल गाडीशी करा. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल गाडीवर जीएसटी ४० टक्के, ईव्हीवर (इलेक्ट्रिक गाडीवर) ५. महाराष्ट्रात ३० लाखांवरच्या ईव्हीला ६ टक्के कर लावायचं ठरत होतं, तेही मागे घेतलं. सरकार एवढं देतंय तर घ्यायचं नाही का?

चाकणकर:
घर स्वतःचं घेतलंय की वडिलांचं?

मुलुंडवासी:
वडिलांचं. त्याचा इथे काय संबंध?

चाकणकर:
सगळा संबंध तिथेच आहे! घराचा हप्ता नाही म्हणून गाडीचा झेपतो. माझ्या पगारातला निम्मा फ्लॅटला जातो, वर मुलीची फी. आणि ३० लाखांवरच्या गाडीला करमाफी कशाला? तेच पैसे एसटीला द्या.

नाशिकची सून:
तुम्ही दोघं टेस्लावरच अडलात. चाकणलाच बनणारी महिंद्राची इलेक्ट्रिक गाडी बीई ६ नोव्हेंबर २०२४ मध्ये १८.९० लाखांपासून आली. आम्ही तिची मोठी बॅटरीवाली घेतली. मागच्या सीटवर सासूबाईंचे गुडघे मोकळे राहत नाहीत आणि पाठीमागचं फारसं दिसत नाही, पण काचेचं छत, स्क्रीन, पिकअप, सगळं आहे. लक्झरी म्हणून आणखी काय हवं? अर्थात घरी चार्जर आहे म्हणून हे जमतं. बंगला आहे आमचा.

ठाण्याचा भाडेकरू:
ताई, बंगला आहे म्हणून! आमच्या सोसायटीत वर्ष होत आलं, चार्जर लावायला एनओसी (ना-हरकत पत्र) मिळेना. पार्किंग माझ्या नावावर, मीटर माझा, वायरिंगचा खर्चही मीच करणार. तरी सेक्रेटरी म्हणतात, 'एजीएममध्ये (वार्षिक सभेत) ठेवू.' एजीएममध्ये दीड तास पाण्याच्या टँकरवर भांडण झालं, माझा विषय आलाच नाही. आता बाहेर फास्ट चार्जरवर जातो. युनिटला २० रुपयांच्या पुढे पडतं, वर रांग. बचतीचं गणित तिथेच कोसळलं.

एक सेक्रेटरी:
तो सेक्रेटरी मीच, पगार घेत नाही. इमारत १९९० च्या दशकातली, केबल तेव्हाचीच. दहा जणांनी एकदम गाड्या लावल्या आणि मेन पॅनेल जळालं तर पोलीस कुणाच्या दारात येणार? तुमच्या की माझ्या?

ठाण्याचा भाडेकरू:
काका, दहा जण कुठून आले? मी एकटा आहे. प्रत्येक फ्लॅटमध्ये दोन-दोन एसी चालतात, तेव्हा केबल आठवत नाही. घरच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तसं लिहिलंय.

एक सेक्रेटरी:
सूचना दिल्लीत लिहितात, फ्यूज इथे उडतो. आवाज चढवू नका.

मुलुंडवासी:
सेक्रेटरीसाहेब, तुमच्यासारख्यांमुळेच लोक ईव्ही घेत नाहीत. आमच्या सोसायटीने महावितरणकडून लोड वाढवून घेतला, खर्च गाडीवाल्यांनी वाटून घेतला. मिटला की नाही प्रश्न?

एक सेक्रेटरी:
गाडीवाले लेखी देणार असतील की खर्च त्यांचा, तर मी विषय पुढच्या मीटिंगला पहिला घेईन. पण गाडी नसलेल्या पेन्शनरांकडून एक रुपया मागायचा नाही.

ठाण्याचा भाडेकरू:
एवढंच वर्षभरापूर्वी सांगितलं असतंत तर! उद्याच लिहून देतो.

चाकणकर:
मुलुंडवासी, जीएसटीचा तुमचा मुद्दा मान्य. ६० लाख खर्च करणाऱ्याने त्या किमतीत पेट्रोल गाडी घेण्यापेक्षा ईव्ही घ्यावी. पण ६० लाख खर्च करणारा मध्यमवर्गीय नव्हे, यावरून मी हटणार नाही. ज्या पोस्टमुळे हा धागा काढला तिच्याखाली एक मुलगा विचारत होता, पर्सनल लोन काढून डाउन पेमेंट करू का? त्याला कुणीतरी 'बिनधास्त कर' म्हटलंय.

मुलुंडवासी:
पर्सनल लोन काढून नको. ते मीही त्याला सांगेन. लिंक द्या.