फिजिओथेरपीनंतर एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) करावे की औषध-सुरक्षेच्या नोकरीत शिरावे?

सांगलीची इंटर्न
माझी बी.पी.टीएच.ची (फिजिओथेरपीच्या पदवीची) चार वर्षे झाली असून सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचे शेवटचे दोन महिने उरले आहेत. रुग्ण तपासण्याचा मला कंटाळा नाही. मात्र उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बायका कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी हंगामात पुन्हा पुन्हा आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांना व्यायाम शिकवण्यापेक्षा हे दुखणे मुळात टाळता कसे येईल, हाच प्रश्न मला अधिक छळतो. घरच्यांना एम.पी.टीएच. (फिजिओथेरपीचीच पदव्युत्तर पदवी) हवे आहे आणि वडील तर अजूनही नीटचे नाव काढतात. एम.पी.एच., रुग्णालय व्यवस्थापन आणि फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचे काम) यांत प्रत्यक्ष काम काय असते, हे त्या क्षेत्रातील कोणी सांगू शकेल का?

पाड्यावरचा
मी बी.डी.एस.नंतर एम.पी.एच. केले. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र (तेथे हा अभ्यासक्रम १९९७ पासून आहे), चेन्नईची राष्ट्रीय साथरोग संस्था आणि पुणे विद्यापीठ हे विचार करण्याजोगे पर्याय आहेत. टाटाचा प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो. कामाचे म्हणाल, तर ते बहुतांशी प्रवास, नोंदवह्या आणि एक्सेल यांत जाते. एखाद्या पाड्यावर बाळ दगावले की काही आठवड्यांनी त्या घरी जाऊन ताप किती दिवस होता, श्वास घेताना छाती आत ओढली जात होती का, दवाखान्यात न्यायला गाडी कधी मिळाली, असे प्रश्न आईला विचारत मृत्यूचे कारण शोधावे लागते. पहिल्या वेळी माझा पेन चालेना. नोकऱ्या बहुधा प्रकल्पावरच्या आणि ११ महिन्यांच्या कराराच्या असतात, हे मात्र घरी आधीच सांगून ठेवा.

पुण्यातला प्रक्रियक
फार्माकोव्हिजिलन्समध्ये फार्मसीवाल्यांना प्राधान्य मिळते, तरी माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर दंतवैद्य आणि फिजिओही आहेत. ‘गोळी घेतली आणि अंगावर पुरळ उठले’ एवढीच ओळ हाती येते; त्यातून ओळखता येईल असा रुग्ण, कळवणारी व्यक्ती, संशयित औषध आणि झालेला त्रास या चार गोष्टी सापडल्या, तरच ती ग्राह्य केस ठरते. मग मेडड्रा या प्रमाणित वैद्यकीय शब्दकोशातील संज्ञा निवडायची, घटनाक्रम लिहायचा आणि त्रास गंभीर व अनपेक्षित असेल तर १५ दिवसांच्या आत नियामकाकडे पाठवायचा. पगार वेळेवर होतो, वातानुकूलित कार्यालय असते. पण तुमचा मोळीचा प्रश्न इथे कोणी विचारणार नाही. तुमचे लिहिणे वाचून तरी मी तुम्हाला इकडे बोलावणार नाही.

जुना संख्याशास्त्रज्ञ
रुग्णालय व्यवस्थापनाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर खाटा, विमा-दावे आणि मानांकनाच्या फायली यांत ज्यांना रस आहे त्यांनीच तिकडे जावे. पण ताई, प्रवेश-अर्ज भरण्याआधी एक काम करा. बाह्यरुग्ण विभागाची परवानगी घेऊन, नावे न उतरवता, गेल्या हंगामातील कंबर-गुडघ्याचे रुग्ण वय, गाव आणि व्यवसायानुसार मोजून पाहा. अशी मोजदाद करताना दुपार कशी गेली हे कळले नाही, तर एम.पी.एच. तुम्हाला झेपेल.

सांगलीची इंटर्न
परवानगी मिळाली आणि काल नोव्हेंबर ते मार्चच्या नोंदी मोजल्या. गावाच्या रकान्यात बीड जिल्ह्यातील गावे वारंवार येतात, परंतु त्याच ओळीत व्यवसायापुढे जवळजवळ प्रत्येक बाईच्या नावासमोर ‘गृहिणी’ असे लिहिलेले आहे. त्यांतील काही नोंदींचे अक्षर माझेच आहे. आजपासून मी विचारून लिहिते आहे, आणि टाटाचे माहितीपत्रकही उतरवून घेतले आहे.