शेक चालू आहेत आणि वडिलांची बिडी सुटत नाही, मदत हवी आहे

हुरडापार्टी:
नमस्कार. वडील (नाना) ६४ वर्षांचे, स्वरयंत्राचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ३५ शेक (रेडिएशन) ठरलेत, निम्मे होत आलेत. आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमोही आहे. आम्ही सोलापूरकडचे, बिडी घरोघर.

आजार कळल्यावर नानांनी बिडीला हात लावला नव्हता, आता परत सुरू केलीय. गळा आतून सोलवटलाय, कोमट पेजही उतरत नाही, मानेची कातडी काळी पडलीय, पण बंडीच्या खिशात काडेपेटी असतेच. आईला वास येतो, ती रडते, ते चिडतात, मग अबोला.

त्यांचं म्हणणं, बिडीशिवाय पोट साफ होत नाही. शिवाय "व्हायचं ते झालं, आता सोडून काय मिळणार?" चुलते भर घालतात की एवढी जुनी सवय एकदम तोडली तर शरीराला झटका बसतो.

नानांच्या पाठीमागे डॉक्टरांना सांगावं का? ते शेकच बंद करतील अशी नानांना भीती आहे. निकोटिनचं च्युइंगम चालेल का? आणि इतक्या उशिरा सोडून खरंच फरक पडतो? उपदेश नको, तो घरात भरपूर झालाय.

रामभाऊ_पंढरपूर:
बिडीऐवजी मिश्री लावू द्या. धूर तरी जाणार नाही.

लिनॅकवाला:
मिश्री अजिबात नको, तीही तंबाखूच.

ताई, मी रेडिओथेरपी विभागात तंत्रज्ञ आहे. गाठीत ऑक्सिजन असला की शेकाचा परिणाम चांगला होतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. बिडी तर विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते. पण थांबवली की एका दिवसात तो वायू बहुतेक निघून जातो. म्हणून नानांना "पुढचे शेक वाया नको" एवढंच सांगा. फोड लवकर भरतात, पुढे जबड्याच्या हाडाला इजा व्हायचा आणि दुसरा कॅन्सर उद्भवायचा धोकाही कमी होतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४च्या अहवालात स्पष्ट आहे की निदानानंतरही ओढत राहणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त असतं.

डॉक्टरांना जरूर सांगा, पण नानांना समोर बसवून. बिडी ओढतो म्हणून शेक बंद करत नाहीत. आमच्याकडे शेकाच्या वेळी डोकं-मान हलू नये म्हणून मास्क लावतात, तो लावताना वास येतोच, कळायचं ते कळतं.

पोटाचं नाना खोटं सांगत नाहीत. निकोटिन सुटलं की बद्धकोष्ठता होते, त्यात ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या आणि उलटीच्या गोळ्यांनी भर पडते. त्यावर औषध मागून घ्या, सबबच उरणार नाही. एकदम सोडल्याने चिडचिड होते, झोप उडते, पण जिवाला धोका नसतो.

मोगरा_७:
तोंड आलेलं असताना च्युइंगम झोंबेल. कातडीवर लावायचा पॅच मिळतो, डॉक्टरांना विचारून घ्या, हृदयाचा त्रास असेल तर तेही सांगा. १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. आधी आईंनी फोन केला तरी चालेल, माझ्या सासूबाईंनी तसंच केलं होतं. आणि काडेपेटी लपवत बसू नका, ते दुसरी आणतात.

हुरडापार्टी:
सोमवारी ओपीडी आहे, नानांना घेऊनच डॉक्टरांसमोर बसते. पोटाच्या औषधाचं त्यांना आत्ताच सांगितलं, "मग आधी का नाही दिलं?" म्हणाले. मोगरा, पॅच मानेच्या शेकलेल्या भागापासून किती लांब लावायचा? दंडावर चालतो का?