नुसते शिंपले उचलून हलवून भागणार नाही
तुम्ही म्हणताय युरोपातले ते गोड्या पाण्यातले मोत्यांचे शिंपले वाचवायचे तर उचलून स्वच्छ नदीत सोडले की झालं, पण तेवढ्याने नाही भागत हो. त्यांची पिल्लं आधी सॅल्मन नाहीतर ट्राउट माशाच्या कल्ल्यांना चिकटून काही महिने काढतात, मग सुटून तळाच्या स्वच्छ वाळूत रुततात, म्हणजे धरणाने मासे अडले की पुढची पिढीच नाही. हे शिंपले १०० वर्षांहून जास्त जगू शकतात, त्यामुळे नदी त्यांनी भरलेली दिसते आणि बघावं तर सगळे म्हातारे, लहान एकही नाही!! मी मुलुंडचा, बाजारातल्या तिसऱ्यांपलीकडे काही माहीत नव्हतं, पण परवा बदलापूरला उल्हास नदीत गुडघाभर पाण्यात अर्धा रुतलेला एक काळपट शिंपला दिसला, बोट लावलं तर हळूच मिटला. तसाच राहू दिला. शेजारीच वाळू उपशाचे खड्डे होते, बघवत नव्हतं खरंच.