‘बॅगी’ला ‘ढगळ’ म्हणावं का?

घडी :
हिप-हॉपच्या पेहरावावरचा एक लेख मराठीत आणतेय. नव्वदीतल्या अमेरिकन पोरांच्या ‘बॅगी’ जीन्सना मी ‘ढगळ’ लिहिलं. संपादकांनी शब्दाभोवती गोल करून शेरा दिला : ढगळ म्हणजे मापात चुकलेलं, ही मुलं तर मुद्दाम तसं घालत होती. आमच्या घरी ढगळ म्हणजे नुसतं सैल, त्यात नावं ठेवणं नसतं. तुमच्याकडे?

काजबटण :
तीस वर्षं शिवतेय. गिऱ्हाईक “ढगळ झालंय” म्हणालं की मी उसवायला घेते. सैल हवं असलं तर “लूज ठेवा”, “अंगाला मोकळं ठेवा” म्हणतात. “ढगळ शिवा” असं आजवर एकानंही सांगितलेलं नाही. संपादक बरोबर आहेत.

बोरू :
ढगळ हा ढगावरून आलाय, वारा भरला की फुगणारा. यात चूक कुठली? आणि लेखात ‘स्ट्रीटवेअर’ तसंच ठेवलंय का? ‘पथवेश’ करा. आपण शब्द घडवायचेच नाहीत असं ठरवलंय का सगळ्यांनी?

गिरगावकर :
‘पथवेश’ वाचून पथनाट्यातला डफवाला डोळ्यांपुढे येतो. ‘रस्त्यावरचे कपडे’ म्हणावं तर मुंबईकराला आझाद मैदानासमोरची फॅशन स्ट्रीट आठवणार, घासाघीस करून घेतलेले शर्ट. स्ट्रीटवेअरच राहू द्या, पोरं तेच म्हणतात. आणि बोरू, ढगावरून ‘ढगाळ’ झालाय की. ढगळ मला ढिल्याचा भाऊबंद वाटतो.

क्वीन्सवासी :
मी न्यू यॉर्कमध्ये राहतो तिथून होलिस जवळ आहे, रन-डीएमसी या रॅप गटाचं गाव. बिननाडीचे आदिदास घालायचे ते. १९८६ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहातल्या कार्यक्रमात त्यांनी प्रेक्षकांना बूट वर धरायला सांगितले. आदिदास कंपनीची माणसं तिथे बघत होती, पुढे करार झाला. बिननाडीचे बूट आणि घसरत्या पॅन्ट दोन्ही तुरुंगातून आले, तिथे नाड्या-पट्टे काढून घेतात, असं सगळेच सांगतात. माझा कृष्णवर्णीय शेजारी हे ऐकलं की चिडतो. म्हणतो, आमच्या घरी थोरल्याचे कपडे धाकट्याला यायचे, ते सैलच असायचे, प्रत्येक गोष्टीत तुरुंग कशाला आणता?

आणखी एक. ब्रुकलिनचा फॅशन डिझायनर कार्ल कानी आधी स्वतःच कापड घेऊन शिंप्याकडे जायचा. सैल जीन्स हवी म्हणून पोरं मोठ्या मापाची घेत, मग कमरेला चुण्या पडत. यानं कंबर मापात ठेवली आणि पायच रुंद कापले. त्याचं ‘कानी’ हे नावही ‘कॅन आय?’, म्हणजे ‘मला जमेल का?’, या इंग्रजी प्रश्नावरून घेतलेलं.

काजबटण :
मग ती ढगळ नव्हेच! कंबर बसती, मांडीला घेर, मोहरी रुंद. हे बेतून कापलेलं आहे, बेत चुकलेला नाही. घडी, ‘घेराची जीन्स’ लिहा.

बोरू :
घेर म्हटलं की परकर दिसतो. गावाकडे सैल विजारीला तुमान म्हणतात, तो शब्द का नको?

घडी :
तुमानीला खिसे, रिव्हेट, डेनिम हे काहीच चिकटत नाही, बोरू. कानीच्या जीन्सला ‘घेराची’ चालेल. पण त्याच्या आधी जी पोरं मोठं माप घेत होती, त्यांचं काय? ती तर मापानं चुकीचीच होती, आणि तरीही हवीशी.

गिरगावकर :
त्याला आमची आई ‘वाढत्या अंगाचं’ म्हणायची. पाचवीत गणवेशाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या, खांदा दंडावर उतरलेला. मी रडून ढगळ म्हणालो की ती ठणकावायची, “ढगळ नाही, वाढत्या अंगाचा आहे.” सातवीत त्याच शर्टातून मनगटं बाहेर. क्वीन्सवासींच्या शेजाऱ्याला हा शब्द सांगा, त्याला कळेल.

क्वीन्सवासी :
सांगतो. पण त्याच्या घरी कपडे आधी थोरल्याच्या अंगावर झिजून यायचे. तुमचा कोरा होता.

काजबटण :
वाढत्या अंगाचं शिवताना नुसतं मोठं नाही कापायचं. आतल्या शिलाईला दोन बोटं माया सोडायची, पोर वाढलं की उसवून मोकळं करायचं. तयार कपडा उलटा करून बघा, ओव्हरलॉकच्या दोऱ्यापाशी कापड संपतं. माया उरतच नाही.

बोरू :
माया! शिवणात हा शब्द कुठून आला असेल? आमच्या शिंप्यांकडे आता ‘मार्जिन’ म्हणतात.

काजबटण :
माझ्या सासूबाई मायाच म्हणायच्या. मीही तेच म्हणते.