मदत हवी आहे: 'ए फॉर अँड्रोमेडा' (१९६१) ही कृष्णधवल विज्ञानमालिका पाहिलेल्यांचे मत

नमस्कार.

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागातील विज्ञानकथा वाचणाऱ्या मंडळींचा आमचा एक छोटा गट आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या जयंतीच्या, म्हणजे १९ जुलैच्या सुमारास आम्ही एक दिवसाचा कार्यक्रम योजत आहोत. त्यात बीबीसीची १९६१ सालची 'ए फॉर अँड्रोमेडा' ही कृष्णधवल मालिका दाखवावी, असा माझा आग्रह आहे. अडचण अशी की, या मालिकेच्या सात भागांपैकी फक्त सहावा भाग आज संपूर्ण अवस्थेत पाहता येतो. ज्यांनी तो भाग किंवा उरलेल्या भागांची छायाचित्रांवरून केलेली पुनर्रचना पाहिली असेल, त्यांनी प्रेक्षक म्हणून आपले मत सविस्तर कळवावे, अशी विनंती आहे.

हीच मालिका का, हे आधी सांगते. तिची मूळ कल्पना फ्रेड हॉएल यांची. नारळीकरांनी केंब्रिजमध्ये ज्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि ज्यांच्यासह १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, तेच हे हॉएल. पटकथेत जॉन एलियट यांचा सहभाग होता. ऑक्टोबर १९६१ मध्ये पहिला भाग प्रक्षेपित झाला, तेव्हा कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर केंब्रिजमध्ये हॉएल यांचे संशोधक विद्यार्थी होते. नारळीकरांच्या कथा वाचत वाढलेल्या आमच्या भागातील वाचकांना त्यांच्या गुरूंनी दूरचित्रवाणीसाठी काय केले होते ते पाहायला मिळावे, एवढीच माझी इच्छा आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात देते. शेवट सांगत नाही. यॉर्कशायरमधील नव्या रेडिओ दुर्बिणीवर देवयानी (अँड्रोमेडा) तारकासमूहाच्या दिशेकडून येणारा एक संदेश टिपला जातो. जॉन फ्लेमिंग या तरुण शास्त्रज्ञाच्या लक्षात येते की, हा संदेश म्हणजे एक प्रचंड संगणक कसा बांधावा याच्या सूचना आहेत. स्कॉटलंडमधील लष्करी तळावर तो संगणक उभा राहतो, आणि मग तोच संगणक जिवंत प्राणी घडवण्याची कृती सांगू लागतो. त्यातून अखेरीस एक स्त्री निर्माण होते. ही भूमिका ज्यूली ख्रिस्ती यांनी केली आहे, ज्यांचा जन्म आसाममधील एका चहाच्या मळ्यावर झाला आणि ज्यांना पुढे ऑस्कर मिळाले. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी रेडिओ दुर्बिणीने परग्रहावरील संदेश ऐकण्याचा पहिला प्रयत्न केला तो १९६० मध्ये, म्हणजे प्रत्यक्ष विज्ञानाच्या अवघे एक वर्ष मागे ही कथा चालत होती. नारळीकरांचे 'वामन परत न आला' वाचलेल्यांना येथे ओळखीची वाट दिसेल. तिथेही एका लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानावरून यंत्रे बांधली जातात आणि बांधणाऱ्यांच्या हातातून सूत्रे निसटू लागतात. एकाने दुसऱ्यावरून घेतले असे मला मुळीच सुचवायचे नाही. परंतु दोन्ही कृती एकाच दिवशी प्रेक्षकांसमोर आल्या तर चर्चा फार चांगली होईल, असे मला मनापासून वाटते.

आता नष्ट झालेल्या भागांविषयी. त्या काळी चित्रफीत महाग असल्याने एकदा दाखवलेला कार्यक्रम पुसून तीच फीत पुन्हा वापरली जाई, आणि चित्रपटाच्या फिल्मवर उतरवून घेतलेल्या प्रतीही पुढे टाकून दिल्या जात. पुनःप्रक्षेपणाला फारसे मोल नव्हते आणि घरी मालिका विकत घेऊन पाहण्याची कल्पनाच नव्हती. १९५३ च्या 'द क्वाटरमास एक्स्परिमेंट' या मालिकेच्याही सहापैकी पहिले दोनच भाग शिल्लक आहेत, पण तिथे कारण वेगळे: बाकीचे भाग थेट प्रक्षेपित झाले आणि ते मुद्रित करून ठेवलेच गेले नाहीत. 'अँड्रोमेडा'चा सहावा भाग बऱ्याच काळानंतर सापडला. शेवटच्या भागातील काही तुकडे आहेत, आणि बाकीची कथा त्या काळी पडद्यावरून टिपलेल्या स्थिरचित्रांच्या आधारे जोडून २००६ मध्ये डीव्हीडीवर आली. तिचा पुढचा अध्याय असलेली 'द अँड्रोमेडा ब्रेकथ्रू' ही १९६२ ची सहा भागांची मालिका मात्र पूर्ण उपलब्ध आहे, परंतु तीत नायिकेच्या भूमिकेत सुझन हॅम्पशायर आहेत.

आमच्या गटातील काहींचे म्हणणे असे की, पूर्ण उपलब्ध असलेली दुसरी मालिकाच दाखवावी. मला ते पटत नाही. पहिल्या मालिकेतील संदेश उलगडण्याचा भाग हाच या कथेचा गाभा आहे. तो वगळून थेट पुढच्या घडामोडींवर येणे म्हणजे कीर्तनाचा पूर्वरंग सोडून आख्यानाला येऊन बसण्यासारखे होईल.

जुन्या कृष्णधवल मालिकांविषयी आमच्याकडील प्रेक्षकांचा थोडा अनुभव गाठीशी आहे. मागे आम्ही 'क्वाटरमास अँड द पिट' (१९५८-५९) दाखवली होती. लंडनमध्ये इमारतीसाठी खोदकाम चालू असताना आदिमानवाच्या कवट्या आणि त्यांच्याजवळ एक अज्ञात यान सापडते, अशी ती कथा. निवृत्त शिक्षक आणि एकूणच वडीलधारी मंडळी तीत रमली, कारण लांब संवाद त्यांना नाटकासारखे वाटले, आणि आमच्याकडे हौशी रंगभूमी पाहणाऱ्यांची संख्या कमी नाही. महाविद्यालयातील मुलांचे मत वेगळे पडले. पहिल्या दोन भागांत काहीच घडत नाही आणि दृश्ये एकाच खोलीत फार वेळ रेंगाळतात, अशी त्यांची तक्रार होती. मात्र यान उघडण्याच्या प्रसंगापासून तीच मुले पुढे सरकून बसली. एका विद्यार्थिनीने सांगितले की, चित्र धूसर असल्यामुळे न दिसणाऱ्या गोष्टीची भीती अधिक वाटली. हे मत मला फार मोलाचे वाटते, कारण जुन्या मालिकेची उणीव म्हणून आपण जे सांगतो तेच तिला परिणामकारक वाटले होते.

या अनुभवावरून मी अशी योजना मांडली आहे की, पहिल्या पाच भागांची कथा आमच्याकडील हौशी कलावंतांनी मराठीत अभिवाचन करून सादर करावी, मागे पडद्यावर उपलब्ध स्थिरचित्रे असावीत, आणि त्यानंतर सहावा भाग मुळातून दाखवावा. स्थिरचित्रे आणि मजकूर यांवरच तासन्‌तास प्रेक्षकांना बसवणे अवघड आहे, परंतु चांगला आवाज लाभला तर आमची माणसे दीड तास सहज ऐकतात. यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी आक्षेप घेतला की, अभिवाचन रंगले तर सहावा भाग त्यापुढे संथ वाटेल आणि प्रेक्षक मूळ कृतीवर अन्याय करतील. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, आणि म्हणूनच येथे विचारत आहे.

तेव्हा ज्यांनी ही मालिका पाहिली आहे त्यांनी मुख्यतः हे सांगावे: सहावा भाग स्वतंत्रपणे पाहताना आपल्याला तो कितपत समजला, आणि कोणत्या गोष्टी आधी ठाऊक असायला हव्या होत्या? फ्लेमिंग या पात्राचा संताप आजच्या प्रेक्षकाला पटतो का, की तो नुसता आरडाओरडा वाटतो? प्रयोगशाळेतील क्रिस्टीन आणि संगणकाने घडवलेली आंद्रे या दोन्ही भूमिका ज्यूली ख्रिस्ती यांच्याच आहेत. हे अभिवाचनात ऐकणाऱ्याला कसे कळवावे, हा प्रश्न मला सर्वांत अधिक छळतो आहे. एकाच वाचिकेने दोन्ही वाचावे असे माझे मत आहे, पण आवाजात किती फरक ठेवावा ते ठरत नाही.

कथेतील कावेबाज व्यापारी संस्थेचे नाव 'इंटेल' आहे. त्या नावाची खरी कंपनी १९६८ मध्ये, म्हणजे नंतर स्थापन झाली, त्यामुळे तिचा येथे काहीही संबंध नाही. तरीही सभागृहात संगणक शिकणारी मुले असतील आणि गंभीर प्रसंगी हशा पिकेल, अशी मला शंका आहे. आधीच खुलासा करावा की नाव तसेच जाऊ द्यावे?

ज्यांनी अशा जुन्या मालिका छोट्या गटांना विनामूल्य दाखवल्या आहेत त्यांनी जाहीर प्रदर्शनाची परवानगी कशी मागितली, ब्रिटनमधील डीव्हीडी येथील यंत्रावर चालवताना काय व्यवस्था केली आणि चौकोनी चित्र रुंद पडद्यावर न ताणता कसे दाखवले, हेही लिहावे. आमच्या प्रेक्षकांत घरी मराठी आणि शाळेत कन्नड असलेली मुले पुष्कळ असतात व कन्नडभाषक मित्रही येतात. त्यांच्यासाठी मी दोन्ही भाषांत एका पानाचा सारांश छापणार आहे. इंग्रजी संवाद चालू असताना त्या पानाचा लोकांना खरोखर उपयोग होतो, की मध्ये थांबून तोंडी सांगणे अधिक बरे, याचा कोणाला अनुभव असल्यास अवश्य कळवावे.