कटाराने त्याला सोडलं, पण माफ केलं नाही. तुम्हाला पटलं?

जायांची वेणी (म्हार्दोळ)
चवथीला माहेरी आलेय. रात्री आरत्या आटोपल्या की भाचरं 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही कार्टून मालिका लावून बसतात. काल तिसऱ्या पर्वाचा सोळावा भाग झाला, 'द सदर्न रेडर्स', २००८ सालचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: कटारा ही जलबंधक, म्हणजे पाणी हवं तसं वळवणारी मुलगी. तिच्या आईला मारणारा योन रा तिला झुकोच्या मदतीने सापडतो; झुको हा शत्रूचा राजपुत्र, आता यांच्या बाजूला आलेला. योन रा आता म्हातारा, निवृत्त, भाजी घेऊन घरी निघालेला. ती पडता पाऊस हवेतच थांबवते, त्याचे बर्फाचे सुरे करून त्याच्यावर सोडते आणि अंगाला लागायच्या आत अडवते. शेवटी धक्क्यावर बसून मित्राला, मालिकेच्या नायक आंगला सांगते, मी त्याला माफ केलेलं नाही, कधी करणारही नाही.

भाची तेरा वर्षांची. तिने विचारलं, "आते, मग ती हरली?" मी म्हटलं, अजिबात नाही. मुलींना आपण लहानपणापासून सांगतो, सोडून दे, मन मोठं कर. इथे चौदा वर्षांच्या पोरीने हात आवरला, पण मन मोठं झाल्याचं सोंग घेतलं नाही. मला हे फार खरं वाटलं.

साखळीकर
मला नाही पटलं, आणि कारण शेवटात नाही, मधेच आहे. योन राला शोधताना कटारा जहाजावर ज्या कप्तानाला रक्तबंधनाने, म्हणजे अंगातलं रक्त वळवून माणूस ताब्यात घेण्याच्या विद्येने, गुडघ्यावर आणते, तो योन रा नसतोच. योन रा चार वर्षांपूर्वीच निवृत्त झालेला. म्हणजे आईच्या मृत्यूशी ज्याचा संबंध नाही अशा माणसाच्या अंगातलं रक्त तिने पिळवटलं. हीच विद्या हामा या म्हाताऱ्या जलबंधक बाईकडून नाइलाजाने शिकावी लागली तेव्हा ती ढसाढसा रडली होती! पुढे त्या कप्तानाबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. तिने कोणाला मारलं नाही म्हणून तुम्ही तिला शाबासकी देता, मग त्या माणसाचा हिशेब कोणी द्यायचा?

फोंडेकर मास्तर
आमच्या देवळात उत्सवाला मराठी नाटकं होतात. तरुणपणी मी तिथे दोनदा द्रौपदी उभी केली आहे, त्यामुळे हा भाग पाहताना मला अश्वत्थामाच आठवला. झोपलेली पाच मुलं त्याने मारली. भागवतात अर्जुन त्याला बांधून आणतो, तेव्हा द्रौपदीच म्हणते, सोडा याला. मी जशी मुलांसाठी रडते तशी याची आई रडू नये. महाभारताच्या सौप्तिकपर्वात मात्र ती अन्नपाणी सोडून बसते, त्याच्या मस्तकावरचा मणी मिळेपर्यंत. एकाच बाईची ही दोन्ही रूपं आपल्या लोकांनी जपली. मला भागवतातली द्रौपदी मोठी वाटते. कटारा तिथपर्यंत पोचत नाही, आणि अपुरं राहिलेल्याला पूर्ण म्हणू नये.

जायांची वेणी
मास्तर, तुम्ही आईचा विषय काढलात म्हणून सांगते. योन रा जीव वाचवायला काय म्हणतो आठवतं? माझ्या आईला घे, बरोबरी होईल! कटाराच्या आईने, कायाने, मुलीला वाचवायला खोटं सांगितलं की शेवटची जलबंधक मीच, आणि मरण पत्करलं. आणि हा स्वतःसाठी म्हातारी आई पुढे करतो. द्रौपदीला अश्वत्थाम्याच्या आईचं रडणं दिसलं. इथे मुलालाच आईची पर्वा नाही. अशा माणसासाठी क्षमा कुठल्या तोंडाने मागायची?

पावसाळी पणजी
सगळे आंगला विसरताहेत. त्याचा उपदेश पुस्तकी नाही. त्याची सगळी माणसं मारली गेलीत. त्याच्या उडत्या गव्याला, आप्पाला चोरलं तेव्हा वाळवंटात त्याचा राग कटारानेच मिठी मारून शांत केला होता. आणि तो तिला अडवतही नाही. जा म्हणतो, त्या माणसाला भेट, राग बाहेर पडू दे, मग सोडून दे. मुलगा बारा वर्षांचा आहे! आमच्या घरात जमिनीच्या वादावरून दोन चुलत घरं वीस वर्षं बोलत नव्हती. आजी जाताना सुद्धा एका बाजूचे आले नाहीत. तो राग कोणाला खातो हे मी जवळून पाहिलंय. म्हणून मला आंगच बरोबर वाटतो.

साखळीकर
जमिनीचा वाद आणि आईचा खून यात फरक आहे हो. पण राग चुकीच्या माणसावर निघतो हे तुमचं खरं, मी कप्तानाबद्दल तेच सांगत होतो.

जायांची वेणी
कप्तानाचं तुमचं म्हणणं मान्य, साखळीकर. काल मी तिथे डोळे मिटले होते. भाचीला ते सांगायला हवं होतं, आज सांगेन. पण त्यामुळे शेवटचं वाक्य खोटं ठरत नाही.

सत्तरीकार
कटाराच्या भावाबद्दल, सोक्काबद्दल कोणीच बोललं नाही. आई त्याचीही होती. तो आंगच्या बाजूने बोलला तर कटारा त्याला म्हणते, मग तुझं तिच्यावर माझ्याइतकं प्रेमच नव्हतं. या भागात मला सुऱ्यांपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. आई गेली तेव्हा धाकटी बहीण मलाही तेच म्हणाली होती, कारण मी रडलो नव्हतो. मी चुलीपाशी बसून आलेल्यांचा चहा करत होतो.

आणि झुको पाहा. तो तिला माफ कर म्हणत नाही, मार असंही म्हणत नाही. त्या माणसाचा ठाव काढून देतो आणि सोबत जातो. निघायच्या आदल्या रात्री तो तिच्या तंबूबाहेर पहाटेपर्यंत नुसता बसून असतो. ती शेवटी गळ्यात पडते ती त्याच्या.