शब्दचर्चा: नव्या पास रशरचं ‘पाणी’ मराठीत कसं जोखायचं?

एडिसनकर

२०२५च्या एप्रिलमध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, न्यूयॉर्क जायंट्सनी तिसऱ्या क्रमांकावर अब्दुल कार्टर या पास रशरला (समोरच्या चेंडू फेकणाऱ्यावर, क्वार्टरबॅकवर, धावून जाणाऱ्याला) उचललं, तेव्हापासून न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी व्हॉट्सॲप गटात दुसरा विषय नाही. स्टेडियम इथंच, ईस्ट रदरफर्डला, त्यामुळे टीमच्या नावात न्यूयॉर्क असलं तरी डोकेदुखी आमची. गटाचा नियम एकच, लिहायचं ते मराठीत. आणि तिथंच गाडं अडतंय.

पोराची माहिती लिहिणं सोपं आहे. मूळचा फिलाडेल्फियाचा, पेन स्टेटचा खेळाडू, सहा फूट तीन इंच, अडीचशे पौंड. २०२४च्या कॉलेज मोसमात १२ सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), आणि खेळ सुरू होतो त्या रेषेमागे गडी पाडण्याचा आकडा साडेतेवीस (दोघांनी मिळून पाडला तर प्रत्येकी अर्धा), देशात पहिला. पण ‘पोटेन्शियल’पाशी आलो की सगळे थबकतात. एकाने ‘क्षमता’ लिहिलं, तर लगेच प्रश्न आला, किती लिटर? दुसऱ्याने ‘होतकरू’ लिहिलं, त्यावर एक जण म्हणाला, शिष्यवृत्ती द्यायची आहे का त्याला?

तर जाणकारांनो, ‘पोटेन्शियल’, ‘रॉ’, ‘बस्ट’ (गाजावाजा झालेला पण फसलेला) आणि खुद्द ‘पास रशर’, या चौघांचं काय करायचं? प्रतिशब्दांची यादी नको. आपण बोलताना जे म्हणू ते हवंय.

शब्दवेडी, पुणे

‘होतकरू’वर हसलात, पण शब्द वाईट नाही. फक्त तो ‘गरीब व होतकरू’ या जोडीत इतकी वर्षं राहिला की एकटा आला तरी गरिबी सोबत घेऊन येतो. शिवाय तो नेहमी मोठ्याने लहानाला म्हणायचा शब्द. सहाव्या फेरीत निवडलेल्या, अजून कुणाला नावही माहीत नसलेल्या मुलाला चालेल. तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्याला होतकरू म्हणणं म्हणजे बोर्डात आलेल्या मुलाला ‘प्रयत्न चांगला आहे’ म्हणण्यापैकी.

मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘पोटेन्शियल’च्या जवळ जाणारे शब्द मराठीत ढिगाने आहेत: वकूब, मगदूर, बिशाद, प्राज्ञा, टाप. पण वापरून बघा. ‘आपला वकूब ओळखून राहा.’ ‘त्याची काय बिशाद!’ ‘कुणाची टाप आहे?’ सगळे शब्द समोरच्याला जमणार नाही हे सांगायला! ‘कार्टरची टाप मोठी आहे’ असं कुणी म्हणत नाही. माणसाच्या अंगात काय आहे हे मोजायचे शब्द आपण त्याला जागा दाखवायला खर्च करून टाकले.

सरळ अर्थाने वापरता येईल असा एक मात्र उरलाय, ‘पाणी’. ‘त्याच्यात पाणी आहे’, ‘पाणीदार’, आणि तुमच्या गटात जे चाललंय त्याला नेमकं ‘पाणी जोखणे’ म्हणतात. शिवाय खेळाडू जास्तीत जास्त कुठवर जाईल याला तुमच्याकडे ‘सीलिंग’ म्हणतात, त्याला ‘आवाका’ म्हणा, ‘छत’ अजिबात नको.

तालीमवाला, कोल्हापूर

पुतण्या डॅलसला असतो, त्याने या पोराच्या चित्रफिती पाठवल्यात. खेळ मला कळत नाही म्हणा, पण दोन माणसं समोरासमोर भिडली की कळतं.

बघा काय होतंय. समोरचा तीनशे पौंडांचा गडी मागं सरकत हात पुढं काढतो, ह्याच्या छातीवर पंजे टेकवायला. एकदा टेकले की खेळ संपला. म्हणून हे पोरगं पहिल्या दोन पावलांतच त्याच्या खांद्याच्या बाहेर जातं, आतला खांदा खाली टाकतं, आणि जवळजवळ जमिनीला टेकंल इतकं कलून गोल फिरून मागच्या माणसावर जातं. सगळं मिळून अडीच-पावणेतीन सेकंद. तेवढ्यात पोचला नाही तर चेंडू गेला.

यात हातांचं जे चाललंय त्याला आमच्याकडं जुना शब्द आहे, हातघाई. हल्ली लोक ‘हातघाईवर आले’ म्हणजे मारामारी झाली एवढंच समजतात. पण पंजा झटकायचा, मनगट धरायचं, कोपर वर उचलून द्यायचं, ही सगळी हातघाईच. आणि माझं मत विचाराल तर पोरगं पायांनी जिंकतंय, हातघाई अजून शिकायचीय. कॉलेजात चालून गेलं. वरच्या आखाड्यात प्रत्येक डावाला तोड असते. ह्याचा पहिला डाव तुटला की पुढं काय, ते मला त्या चित्रफितींत फारसं दिसलं नाही.

एडिसनकर

काका, बरोबर जागी बोट ठेवलंत. पेन स्टेटला पहिली दोन वर्षं तो मागच्या फळीत लाइनबॅकर होता. कडेवरून धावून जाण्याचं काम पूर्णवेळ केलं ते एकच मोसम. बॉइझी स्टेटविरुद्धच्या सामन्यात खांदा दुखावला तरी पुढच्या सामन्यात नोटर डेमविरुद्ध उतरला. नंतर कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या तपासण्यांत, पायाच्या हाडावर ताण दिसला, शस्त्रक्रिया मात्र करून घेतली नाही.

तर ‘रॉ’ला सरळ ‘कच्चा’ म्हणू का?

शब्दवेडी, पुणे

‘कच्चा’ म्हणालात की मराठी माणूस ‘गणितात कच्चा’ ऐकतो. म्हणजे येत नाही. आणि मैदानावर तर ‘कच्चा लिंबू’! खेळात असतो पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो. बारा सॅकवाल्याला कच्चा लिंबू म्हणू नका.

‘न घडलेला’ किंवा ‘अजून घडायचा आहे’ म्हणा. घडण्यात माल चांगला असल्याची कबुली आपोआप येते, कच्च्यात येत नाही.

ईगल्सवाला

फिलाडेल्फियाहून नमस्कार. मुलगा आमच्या गावचा, नेला तुम्ही. असू दे, तुमच्याकडून आमच्या ईगल्सकडे आलेल्या सेक्वॉन बार्कलीची परतफेड समजतो.

‘अजून घडायचा आहे’ला तुमच्याच टीमचं चांगलं उदाहरण आहे, जेसन पिएर-पॉल. लहानपणी बास्केटबॉलवाला, फुटबॉल उशिरा धरला, साउथ फ्लोरिडाला एकच मोसम खेळला, आणि २०१०ला जायंट्सनी पंधराव्या क्रमांकावर घेतला. तेव्हा सगळे म्हणत होते, शरीर आहे, खेळ नाही. दुसऱ्याच वर्षी साडेसोळा सॅक. घडला तो असा.

आणि न घडलेलाही त्याच स्टेडियमचा. तिथंच खेळणाऱ्या जेट्सनी २००८ला सहाव्या क्रमांकावर व्हर्नन गोल्स्टन घेतला. ओहायो स्टेटचा, पिळदार शरीर, धाव-उडीच्या चाचण्यांत सगळ्यांचे डोळे विस्फारलेले. तीन मोसमांत सॅक किती? शून्य. अर्धासुद्धा नाही. आता सांगा ‘बस्ट’ला काय म्हणायचं.

तालीमवाला, कोल्हापूर

फुसका बार. यात चर्चा कसली?

शब्दवेडी, पुणे

फुसका बार चांगला आहे, पण तो एका प्रसंगाचा. भाषण फुसकं निघतं, मोर्चा फुसका निघतो. तीन वर्षं वाट बघायला लावून काहीच न करणाऱ्याला ‘नाव मोठं, लक्षण खोटं’ जास्त लागू पडतं. ‘आरंभशूर’ही सुचेल कुणाला, पण आरंभशूर निदान आरंभ तरी करतो.

एडिसनकर

😂 जेट्सवाले दोघं आहेत गटात, त्यांना हे दाखवत नाही.

आता मुख्य भांडण. ‘पास रशर’. एकाने ‘बचावपटू’ लिहिलं आणि माझं डोकं फिरलं. नियमाप्रमाणे तो डिफेन्सचाच, मान्य. पण वाचवतो काय? चेंडू समोरच्यांकडे असतो आणि हा त्यांच्यावर तुटून पडतो. कबड्डीत चढाई करणारा हल्ल्याचा आणि पकड करणारे बचावाचे, तिथं शब्द आणि काम जुळतात. इथं बचावफळीतला माणूसच चढाई करतोय.

यावरून सांगतो. १९८१ साली जायंट्सनी दुसऱ्या क्रमांकावर लॉरेन्स टेलरला घेतलं तोपर्यंत त्या जागेवरचा खेळाडू बराचसा वाट बघणारा होता. काय होतंय ते बघायचं, मग जायचं. टेलर वाट बघेना. १९८६ला साडेवीस सॅक आणि संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू, तोही डिफेन्समधला. त्याच्यामुळे समोरच्या टीमना डावीकडच्या टॅकलवर, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या गड्यावर, पैसे ओतावे लागले. अशाला बचावपटू म्हणायचं? कार्टरने आल्या आल्या त्याचाच ५६ नंबर मागितला, जो क्लबने कधीच निवृत्त केलाय. टेलर नको म्हणाला. मग क्लबच्याच जुन्या क्वार्टरबॅकचा, फिल सिम्सचा ११ मागून पाहिला, तोही नाही. शेवटी ५१ घेतला. पोराची भूक कळते यावरून. मला आवडलं. गटातल्या निम्म्यांना आगाऊपणा वाटला.

ईगल्सवाला

आगाऊपणाच आहे.

पण ‘चढाईपटू’ नको रे. कबड्डीतला चढाईपटू हात लावून परत येतो. हा परत येत नाही. आणि तो एकटा जातो, तर याच्या बाजूला तिघे असतात, त्यावर बरंच काही अवलंबून. २०२५च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, आम्ही कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्सला सहा वेळा पाडलं, आणि एकदाही ब्लिट्झ न करता. म्हणजे जादा माणूस न पाठवता, पुढच्या चौघांनीच. तुमच्या पोराचं भवितव्य पण त्याच्या एकट्याच्या पाण्यावर नाही. २०२५च्या मोसमाला मध्ये डेक्स्टर लॉरेन्स, कडेला ब्रायन बर्न्स आणि केव्हॉन थिबडो. समोरचे दोन-दोन माणसं कुणाकुणाला लावणार? त्यामुळे नवख्याला एकास एक मिळेल. हे त्याचं नशीब समजा.

शब्दवेडी, पुणे

मग ‘धाड’ बघा. धाड एकट्याची नसते, बाहेरून येते, अचानक येते, आणि ‘धाड घालणे’ हे क्रियापद तयार आहे. करणाऱ्याचं नाव बनवायच्या फंदात पडू नका. ‘धाडपटू’ वगैरे नको. ‘कार्टर कडेवरून धाड घालतो’ म्हटलं की झालं. खेळाडूचं नाव लागेल तिथं पास रशरच म्हणा, ड्राफ्टला ड्राफ्ट म्हणतो तसं.

‘सॅक’ला मात्र माझ्याकडे जोरदार शब्द आहे: पाडाव. ‘शत्रूचा पाडाव झाला’ यातला. आणि हा ओढून ताणून आणलेला नाही. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सने ‘सॅक’ हा शब्द रूढ केला, तो शहर लुटण्यावरून. इंग्रजी इतिहासात १६६४ची सुरतेची लूट याच शब्दाने येते. लूट म्हणता येणार नाही, कारण चेंडू हाती लागतोच असं नाही. पाडाव म्हणता येतं, कारण माणूस खरोखर पडतो.

एडिसनकर

पाडाव! घेतला. अधिकृत नोंद १९८२पासून सुरू झाली, त्यामुळे टेलरच्या पहिल्या वर्षाचे पाडाव अधिकृत आकड्यात धरतच नाहीत, हे आमचं जुनं दुखणं. २०२५च्या मोसमापर्यंत एका मोसमातला विक्रम साडेबावीस होता: २००१ला आमचा मायकल स्ट्रेहन, २०२१ला पिट्सबर्गचा टी. जे. वॉट. स्ट्रेहन १९९३ला दुसऱ्या फेरीत, चाळिसावा निवडला गेला होता, म्हणून ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ हे ड्राफ्टबद्दल लिहायला मी गटात बंदी घातलीय.

आता एक परिच्छेद गटात टाकतोय, तपासा:

‘कार्टरच्या अंगात पाणी आहे. पहिलं पाऊल आत्ताच या पातळीचं आहे, हातघाई अजून घडायची आहे. त्याच्याच कॉलेजच्या मायका पार्सन्सने डॅलसकडून पहिल्या वर्षी १३ वेळा क्वार्टरबॅकला पाडाव केलं, तेवढी अपेक्षा आत्ता धरू नये. पण आवाका त्याच तोडीचा आहे. २०२४ला तीन जिंकून चौदा हरलेल्या टीमला एवढं पुष्कळ.’

शब्दवेडी, पुणे

‘क्वार्टरबॅकला पाडाव केलं’ नाही, ‘क्वार्टरबॅकचा पाडाव केला’. बाकी ठीक.

तालीमवाला, कोल्हापूर

दमाचं काय? चौथ्या भागात पाय तसेच चालतात का ते लिहा. माझ्या पुतण्याचं म्हणणं, सतरा सामन्यांचा मोसम कॉलेजवाल्यांना जड जातो.

ईगल्सवाला

आणि ‘आवाका त्याच तोडीचा’ हे ऑक्टोबरपर्यंत पेन्सिलीने लिहा. आमची गाठ तेव्हाच आहे.